कृष्णवर्णीय लेखिका वाचायच्या आहेत, सुरुवात झोरा नील हर्स्टनपासून करावी का?

गोदाकाठ

नाशिकच्या आमच्या वाचनकट्ट्यावर येत्या जूनपासून फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांचं लेखन वाचायचं ठरलं आहे. महिन्यातला एक रविवार, पंधरावीस माणसं, चहा आणि मनसोक्त वाद. विषयावर लगेच एकमत झालं, पण सुरुवात कोणापासून यावर गेली बैठक संपता संपेना. बहुतेकांचं म्हणणं टोनी मॉरिसन. नोबेल मिळालेली लेखिका आहे, पुस्तकं सहज मिळतात. माझं म्हणणं झोरा नील हर्स्टन. का, ते जरा सविस्तर लिहिते.

झोरा वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये. १८८७ साली काळ्या लोकांनी स्वतः स्थापन केलेलं आणि स्वतःच कारभार पाहिलेलं हे गाव. तिचे वडील काही काळ तिथले महापौर होते. गावातल्या दुकानाच्या ओसरीवर, आपल्याकडे पारावर जमतात तशी माणसं जमायची आणि एकमेकांवर कडी करत गोष्टी सांगायची. पोर कान देऊन ऐकायची. तेराव्या वर्षी आई गेली आणि शिक्षण सुटलं. मग १९१७ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, फुकट शाळेत घ्यावं म्हणून तिने जन्मसाल १८९१ ऐवजी १९०१ सांगितलं आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली! तिथून हॉवर्ड विद्यापीठ, मग न्यूयॉर्कचं बर्नार्ड कॉलेज (तिथे तेव्हा ती एकटीच काळी विद्यार्थिनी) आणि मानववंशशास्त्रात फ्रान्झ बोआसकडे शिक्षण. पुढे मोटार चालवत, सोबत पिस्तूल ठेवून ती दक्षिणेतल्या लाकूडगिरण्यांच्या वस्त्यांमधून लोककथा गोळा करत हिंडली.

१९३७ ची तिची कादंबरी, 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड', हैतीत सात आठवड्यांत लिहून झाली. जेनी नावाच्या बाईचे तीन संसार, आणि त्यातून तिला गवसलेला स्वतःचा आवाज. गावची माणसं गावच्याच बोलीत बोलतात. पुस्तक आलं, थोडं गाजलं आणि मागे पडलं. १९५० साली झोरा मायामीत एका घरी मोलकरीण म्हणून काम करत होती, आणि त्याच सुमारास तिची कथा एका मोठ्या साप्ताहिकात छापून आली होती. १९६० साली फ्लोरिडातल्या फोर्ट पियर्सच्या सरकारी निराधारगृहात ती वारली. अंत्यविधीचे पैसे लोकांनी वर्गणी काढून जमवले, कबरीवर दगड बसवायला काही उरलं नाही. १९७३ मध्ये लेखिका अॅलिस वॉकर तिथे गेली, 'मी तिची भाची' असं सांगून माहिती काढली, कमरेएवढ्या गवतात जागा शोधली आणि दगड बसवला. त्यानंतर झोराची पुस्तकं परत छापली जाऊ लागली.

एका लेखिकेने दुसरीला असं परत आणलं, म्हणून मला सुरुवात तिथून करावीशी वाटते. आता दोन प्रश्न. एक, माझं म्हणणं पटतं का? दोन, पुस्तकांखेरीज चित्र, शिल्प, गाणं, चळवळ यांतलं काय आणावं? आमच्या कट्ट्यावर निवृत्त शिक्षिका आहेत, कॉलेजची मुलं आहेत, एक शिंपीकाका आहेत.

शाईपेन

वाचनखूण साठवली. झोराच.

टेकडीवरचा

मी मॉरिसनच्या बाजूने, पण नोबेलमुळे नाही.

मॉरिसन लिहीत होतीच, शिवाय बरीच वर्षं रँडम हाउसमध्ये संपादक होती. काळ्या स्त्रीला तिथे अशी जागा मिळणं तोवर जवळपास अशक्य होतं. त्या टेबलावरून तिने चळवळीतल्या अँजेला डेव्हिसचं आत्मचरित्र छापलं, गेल जोन्स आणि टोनी केड बाम्बारा या लेखिकांना पुढे आणलं. दोन मुलं एकटीने वाढवत, पहाटे उठून स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या.

१९७४ मध्ये तिने 'द ब्लॅक बुक' नावाचा जाडजूड संग्रह काढला. काळ्या माणसांच्या तीनशे वर्षांतले फोटो, जाहिराती, पावत्या, कात्रणं असं सगळं त्यात आहे. त्यात मार्गारेट गार्नरविषयीचं एक कात्रण होतं. १८५६ साली केंटकीहून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळालेली ही गुलाम बाई. पकडायला आलेले दारात पोचले तेव्हा, पोर पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं. त्या कात्रणातून १९८७ ची 'बिलव्हेड' उभी राहिली.

आवाज असून भागत नाही, तो छापणारं कोणीतरी लागतं. झोराच्या वाट्याला मॉरिसनसारखी संपादक आली नाही. म्हणून मी म्हणतो, आधी मॉरिसन वाचा म्हणजे झोराचं काय हुकलं ते कळेल.

निशिगंध

टेकडीवरचा, तुमच्याच मुद्द्याने झोरा आधी येते की! आधी आजार, मग औषध. :)

रानपाखरू

मस्त धागा. गोदाकाठताई, पहिल्या बैठकीची सुरुवात सोजर्नर ट्रूथच्या भाषणाने करा. 'मी बाई नाही का?' असं विचारणारं ते १८५१ चं भाषण. आमच्या कॉलेजात स्त्रीमुक्तीच्या कार्यक्रमात मी ते म्हणून दाखवलं होतं, सभागृह उठून उभं राहिलं होतं.

जुनंकात्रण

रानपाखरू, भाषण जरूर घ्या, पण कोणतं घ्यायचं ते आधी ठरवा.

ट्रूथ न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत गुलाम म्हणून जन्मली. डच मालकांच्या घरात वाढली, त्यामुळे तिची पहिली भाषा डच. इंग्रजी नंतर शिकली. लिहिता-वाचता येत नव्हतं. मे १८५१ मध्ये ओहायोतल्या अॅक्रनला ती बोलली आणि महिन्याभरात, जूनमध्ये, तिच्या ओळखीच्या संपादकाने ते भाषण वर्तमानपत्रात छापलं. त्यात 'मी बाई नाही का' हे वाक्य एकदाही नाही. साधी, ठाम भाषा आहे. मी नांगरलंय, कापणी केलीय, लाकडं फोडलीत, पुरुषाइतकीच ताकद माझ्यात आहे, असं ती सांगते.

प्रसिद्ध झालेली आवृत्ती आली बारा वर्षांनी, १८६३ मध्ये. ती लिहिली फ्रान्सिस गेज या गोऱ्या कार्यकर्तीने. तिने ट्रूथच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली घातली, तो सवाल पुन्हापुन्हा विचारायला लावला, आणि तिला तेरा मुलं देऊन टाकली. ट्रूथला मुलं पाच. गेजचा हेतू चांगला होता, हे मी मानतो. पण तिने कल्पनेतली बाई उभी केली आणि समोर बोललेली खरी बाई त्याखाली दबली.

आणि ट्रूथला स्वतःची बाजू मांडायला कोणाची गरजही नव्हती. तिच्या मुलाला, पीटरला, कायदा मोडून अलाबामात विकलं होतं. तिने कोर्टात दावा लावला आणि १८२८ मध्ये मुलगा परत मिळवला. गोऱ्या माणसाविरुद्ध खटला जिंकणारी काळी बाई, तीही निरक्षर! हे किती जणांना माहीत असतं?

रानपाखरू

बापरे. मग १८५१ चं छापील भाषण मराठीत करून वाचते. ते मिळतं का कुठे?

जुनंकात्रण

जुन्या वर्तमानपत्रातलं आहे, हक्कमुक्त आहे, नेटवर दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवलेल्या मिळतात. गोदाकाठ, मी तर म्हणेन कट्ट्यावरही दोन्ही शेजारीशेजारीच वाचा.

स्पष्टवक्ता६१

विषय चांगला आहे, पण मनात आलं ते लिहितो. आपल्याकडच्या बायकांचं वाचून झालं का? दलित स्त्रियांची आत्मकथनं किती घरांत आहेत? इतक्या लांब जायचं कारण काय?

गोदाकाठ

स्पष्टवक्ता, कट्ट्याची गेली दोन वर्षं त्याच वाचनात गेली. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार सगळ्या झाल्या. त्या वाचतानाच एका मुलीने विचारलं, अमेरिकेत अशा बायका काय लिहीत होत्या. तिथून हा विषय निघाला.

पिंपळपान

लांब जाणं म्हणाल तर जोतीराव १८७३ मध्येच गेले होते. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका काढून बघा. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला, त्यांना ते पुस्तक अर्पण केलंय, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केलीय. १९७२ च्या दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे सांगायला नकोच.

त्याच सुमाराला तिकडे काय छापलं जात होतं बघा. १८६१ मध्ये हॅरिएट जेकब्सचं आत्मकथन आलं. मालकाच्या छळातून सुटायला ती नॉर्थ कॅरोलिनात आजीच्या घराच्या माळ्यावर, जिथे उभंही राहता येत नाही अशा जागेत, सात वर्षं लपून राहिली. फटीतून खाली खेळणारी आपली मुलं बघायची. पुस्तकावर तिने टोपणनाव घातलं होतं, आणि पुढे शंभरेक वर्षं अभ्यासकांनी ते कुणा गोऱ्या बाईने रचलेलं असावं असंच धरलं. १९८० च्या दशकात जीन फॅगन येलिन यांनी पत्रं आणि कागदपत्रं लावून सिद्ध केलं की हे जेकब्सचंच, आणि खरं.

वाकळ

पिंपळपान यांच्याशी सहमत, तरी एक वाटतं. प्रत्येक वेळी 'हे आपल्यासारखंच' म्हणून शेजारी मांडण्याची घाई नको. जेकब्सचा माळा जेकब्सचा असू दे. आधी तिला पूर्ण ऐकू, मग आपलं काढू.

आता शिंपीकाकांसाठी. हॅरिएट पॉवर्सच्या गोधड्या दाखवा. जॉर्जियातल्या अथेन्सजवळ १८३७ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेली ही बाई. आज तिच्या दोनच गोधड्या शिल्लक आहेत, एक वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये, दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात. कापडाचे आकार कापून, टाचून तिने चौकटीचौकटीत बायबलच्या कथा मांडल्यात. बोस्टनच्या गोधडीत तर १८३३ चा उल्कावर्षावसुद्धा आहे, म्हणजे तिच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा. लोकांच्या तोंडून ऐकलेलं आकाश तिने शिवून ठेवलं.

पहिली गोधडी १८८६ च्या प्रदर्शनात एका चित्रकलाशिक्षिकेला आवडली. पॉवर्सने विकायला नकार दिला. पुढे हालाखीचे दिवस आले. १८९१ मध्ये तिने दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. देताना एकेका चौकटीचा अर्थ सांगितला, शिक्षिकेने तो लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला कळतो. नंतरही ती आपली गोधडी बघायला त्या बाईकडे जात असे.

आंबोळी

अर्थ लिहून ठेवला ते बरं झालं, पण पाच डॉलर! वाचून जीव तुटला.

वाकळताई, आयडी वाचूनच ओळखलं की तुम्ही गोधड्यांवर येणार. :) आमच्या गोव्याच्या बाजूने एक भर. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पाहिलीय का? पोर्तुगिजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम आणले, त्यातले कितीतरी घाट चढून रानात पळाले. आजच्या सिद्दींचे काही पूर्वज ते. घरात कोकणी बोलतात. जुन्या साड्या-कपड्यांचे तुकडे घेऊन कडेपासून शिवायला सुरुवात करायची आणि धावदोऱ्याने गोल फिरत मध्याकडे यायचं. चार कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. आफ्रिकन वंशाच्या बायकांची कला आपल्या उशाशी आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नाही.

वाकळ

आंबोळी, पाहिलीय, मी खानापूरची. पॉवर्सच्या गोधडीशी तिचं नातं जोडायला मी धजणार नाही, मधे पूर्ण समुद्र आहे. पण दोन्ही शेजारी पसरून ठेवल्या तर शिंपीकाका तासभर उठणार नाहीत.

मातीकाम

शिल्पकलेत दोन नावं घ्याच.

एडमोनिया लुईस. वडील काळे, आई ओजिब्वे आदिवासी. रोमला जाऊन संगमरवरात काम केलं. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात तिची मरणाऱ्या क्लिओपात्राची मूर्ती होती, वजन तेराशे किलोंच्या वर. क्लिओपात्रा सुंदर निजलीय असं इतर दाखवत, हिने खरंच मेलेली दाखवली, मान कललेली, हात लोंबता. पुढे ती मूर्ती शिकागोच्या एका दारूच्या गुत्त्यात गेली. तिथून एका जुगाऱ्याने ती विकत घेऊन क्लिओपात्रा नावाच्या आपल्या घोडीच्या थडग्यावर बसवली! घोड्यांची शर्यत बंद झाली, जागेचे मालक बदलत गेले, मूर्ती उन्हापावसात उभी. शेवटी एका कंत्राटदाराच्या आवारात धूळ खात होती. आता स्मिथसोनियनमध्ये आहे. खुद्द लुईस १९०७ मध्ये लंडनला वारली, तिच्या कबरीवर दगड २०१७ मध्ये लागला.

दुसरी ऑगस्टा सॅव्हेज. १९२३ मध्ये फ्रान्सच्या उन्हाळी कलाशाळेत तिची निवड रद्द झाली, कारण गोऱ्या विद्यार्थिनींना तिच्यासोबत प्रवास करणं अवघड जाईल. ती गप्प बसली नाही, वर्तमानपत्रांतून प्रकरण लावून धरलं. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिने सोळा फुटी 'हार्प' केली. गाणाऱ्या बारा काळ्या मुलामुलींच्या तारा, आणि त्यांना धरलेला ईश्वराचा हात. प्लास्टरमध्ये होती. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती. प्रदर्शन संपलं, बुलडोझर आला. आता उरलेत फोटो आणि तेव्हा विकलेल्या छोट्या प्रतिकृती.

मी स्वतः शाडूत आणि प्लास्टरमध्ये काम करते. सोळा फूट प्लास्टर उभं करायला काय लागतं ते मला माहीत आहे. ते पाडलं गेलं ही गोष्ट मला कधीच सोसत नाही.

निशिगंध

कबरींचा विषय निघालाच आहे तर बेसी स्मिथ. ब्लूजची सम्राज्ञी म्हणायचे तिला. १९३७ मध्ये अपघातात गेली, अंत्ययात्रेला हजारो लोक, आणि कबरीवर तेहतीस वर्षं दगड नाही. १९७० मध्ये तो दोघींनी मिळून बसवला. एक गायिका जॅनिस जॉपलिन, दुसरी लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली ज्वानिटा ग्रीन. बैठकीआधी दहा मिनिटं बेसीचं गाणं लावा.

सातासमुद्रापार

अटलांटाहून लिहितेय. चळवळीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून.

अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेला बसबहिष्कार म्हटलं की आपण रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग एवढ्यावर थांबतो. पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची मुलगी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नव्हती. तिलाही अटक झाली. आणि बसमधला भेद ज्या खटल्याने बेकायदा ठरवला, त्यातल्या फिर्यादींमध्ये ती होती. पार्क्स नव्हत्या.

पार्क्सना अटक झाली त्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिका कॉलेजात गेल्या. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत. रात्रभर सायक्लोस्टाईलवर हजारो पत्रकं काढली आणि सकाळी शहरभर वाटली. नोकरी जाण्याची पूर्ण शक्यता होती.

माझी सगळ्यांत लाडकी मात्र जॉर्जिया गिल्मोर. खानावळीत स्वयंपाक करायची. कोर्टात साक्ष दिली, नोकरी गेली. मग तिने घरच्याच चुलीवर धंदा मांडला. तळलेली कोंबडी, गोड पाय (pie), केक करून आणि बायकांकडून करवून विकायचे, आणि पैसे बहिष्काराच्या मोटारींच्या पेट्रोलला द्यायचे. सभेत कोणी विचारलं पैसे कुठून आले, तर उत्तर ठरलेलं, 'कुठूनच नाही'. गटाचं नावच पडलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. विकणाऱ्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला, नाव कळलं तर काम जाणार, म्हणून ही युक्ती. बहिष्कार ३८१ दिवस चालला. तो चालला या बायकांच्या पायांवर आणि हातांवर.

माँटगोमेरीत २०१८ मध्ये झुंडबळींचं स्मारक उघडलं. एकेका काउंटीसाठी एकेक लोखंडी स्तंभ, आठशेच्या वर. सुरुवातीला ते डोळ्यांसमोर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकतात. आईबाबा इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले, बाहेर आल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. त्या झुंडबळींची नोंद ठेवण्याचं काम १८९२ मध्ये आयडा बी. वेल्सने हाती घेतलं होतं. मेम्फिसमध्ये तिच्या किराणा दुकानदार मित्राला आणि त्याच्या दोन साथीदारांना झुंडीने मारलं. ती वर्तमानपत्र चालवायची. तिने आकडे आणि कारणं काढून सिद्ध केलं की बलात्काराचा आरोप ही सबब आहे, खरं कारण धंद्यातली स्पर्धा आणि दहशत. छापखाना फोडला, शहर सोडावं लागलं, ती लिहीत राहिली. पुलित्झर मिळालं २०२० मध्ये, मृत्यूनंतर ८९ वर्षांनी.

शाईपेन

वरचा प्रतिसाद कट्ट्यावर मोठ्याने वाचा.

घाटमाथा

झोराबद्दल इतकं गोड लिहिलंय, एक कडू गोष्टही सांगू द्या. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा १९५५ च्या ऑगस्टमध्ये तिने फ्लोरिडाच्या वर्तमानपत्रात त्या निकालाविरुद्ध पत्र लिहिलं. वर्णभेदवाद्यांनी ते मिरवलं. काळा लेखक रिचर्ड राइटने तर १९३७ मध्येच तिच्या कादंबरीला ना विषय, ना संदेश, ना विचार असं झोडपलं होतं. मोलमजुरीत मेलेली प्रतिभा म्हणून तिला मखरात बसवताना हे लपवू नये.

गोदाकाठ

लपवायचं नाहीच. पण पत्र पूर्ण वाचा. काळ्या शाळा आणि काळे शिक्षक कमअस्सल आहेत हे गृहीतक तिला अपमानकारक वाटलं. ज्याला मी शेजारी नकोय त्याच्या शेजारी कोर्टाच्या हुकमाने बसण्यात कसला मान, असा तिचा सवाल. स्वतःच्या गावात महापौरापासून दुकानदारापर्यंत सगळे काळे पाहिलेल्या बाईचा तो स्वाभिमान आहे. मला तिचं मत पटत नाही. निकाल हवाच होता. तरी ती असं का म्हणाली ते मला तिच्या गावावरून कळतं.

राइटचं मात्र मला अजिबात मान्य नाही. गोऱ्यांचा अत्याचार पानोपानी नाही म्हणून विचार नाही? आजी जेनीला सांगते की जगाचं ओझं शेवटी काळ्या बाईच्या पाठीवर येतं. जेनी सगळं आयुष्य ते नाकारण्यात घालवते. याहून मोठा विचार कुठला?

घाटमाथा

राइटबाबत मान्य. पत्राबाबत माझं मत कायम. त्या वेळी दक्षिणेत पोरं शाळेच्या दारात दगड खात होती.

कागदकाच

मी पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांच्या संघटनेसोबत काम करते. अमेरिकेबाहेरचं एक नाव, ब्राझीलची कॅरोलिना मारिया द जेझूस.

साओ पाउलोच्या कानिंदे झोपडपट्टीत तीन मुलांना घेऊन एकटी राहायची. कागद आणि भंगार वेचून विकायचं, आणि त्याच कचऱ्यात मिळालेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर रोजनिशी लिहायची. शिक्षण दोन वर्षांचं. १९५८ मध्ये एका पत्रकाराच्या नजरेला त्या वह्या पडल्या, १९६० मध्ये पुस्तक निघालं, पहिली आवृत्ती काही दिवसांत संपली. रोजनिशीची पहिली नोंद लेकीच्या वाढदिवसाची. पोरीला चपला घ्यायच्या होत्या, पैसे नाहीत, कचऱ्यात एक जोड सापडला, तो धुऊन शिवून घातला. पुढे एके ठिकाणी भुकेचा रंग पिवळा, असं लिहिलंय. खूप भूक लागली की झाडं, आकाश, पक्षी सगळं पिवळं दिसतं म्हणे. आमच्या बायकांना हे वाचून दाखवलं तेव्हा एकीने लगेच सांगितलं, बरोबर आहे, पिवळंच दिसतं.

जुनंकात्रण यांनी ट्रूथच्या भाषेचं लिहिलं, तसा वाद इथेही आहे. पत्रकाराने मजकुराला कात्री लावली, पण शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवल्या. काहींच्या मते तोच खरेपणा. काही काळ्या अभ्यासकांचं म्हणणं, इतर लेखकांचं मुद्रितशोधन होतं, हिचंच का नाही? तिला तर उंची, साहित्यिक भाषा लिहायची हौस होती. मी दुसऱ्या बाजूची आहे. चुका ठेवायच्या की नाही हे लिहिणारीला विचारा.

जुनंकात्रण

कागदकाच, फार मोलाचा प्रतिसाद. आणि इथे झोराचं 'बराकून' हे पुस्तक आठवतं. १९२७ मध्ये ती अलाबामात कोसोला नावाच्या म्हाताऱ्याला भेटली. १८६० मध्ये क्लोटिल्डा जहाजातून आफ्रिकेहून चोरून आणलेल्या गुलामांपैकी शेवटच्या हयात माणसांतला तो एक. जाताना त्याला पीच, कलिंगड घेऊन जायची. कधी तो बोलायचा नाही, नुसतं बसायचं. त्याच्या बोलण्याच्या ढंगात तिने पुस्तक लिहिलं. प्रकाशक म्हणाले, बोली काढा, नीट भाषेत लिहा. तिने नाही म्हटलं. पुस्तक निघालं २०१८ मध्ये.

टेकडीवरचा

याच्यापुढे मी माघार घेतो, झोरा आधी. मॉरिसन जुलैत, एवढंच मागणं.

पिंपळपान

एक व्यवहारातली अडचण. झोराची बोली इंग्रजीत वाचताना पहिली तीसेक पानं दमवतात. स्पेलिंग उच्चाराप्रमाणे केलंय. कट्ट्यावरची मंडळी सोडून देतील.

निशिगंध

रूबी डीच्या आवाजातलं ध्वनिपुस्तक आहे. कानाने ऐकलं की बोली आपोआप उलगडते. आधी ऐकायचं, मग वाचायचं.

स्पष्टवक्ता६१

मी नाशिकलाच असतो. पहिल्या बैठकीला आलो तर चालेल का? इंग्रजी बेताचं आहे.

गोदाकाठ

अहो चालेल काय, याच. जूनची पहिली बैठक अशी ठरवतेय: रानपाखरूने मराठीत केलेलं ट्रूथचं १८५१ चं भाषण आणि त्याशेजारी गेजबाईंचं, मग रूबी डीच्या आवाजात झोराचं पहिलं प्रकरण, त्याचा गोषवारा मराठीत मी सांगेन. झोराचं १९५५ चं पत्र घाटमाथा यांनी येऊन वाचावं, वाद तिथेच घालू. जुलैत 'बिलव्हेड'. ऑगस्टला कॅरोलिना, कागदकाचताई, तुमच्या संघटनेतल्या कोणी बोलायला येतील का? गाडीभाड्याचं आम्ही बघतो. गोधड्यांचे आणि 'हार्प'चे मोठे फोटो लागतील.

कागदकाच

दोघी येतील. त्यांना मंगळवारी सुट्टी असते, रविवारी नाही. बैठक मंगळवारी घेता येईल का?

गोदाकाठ

ऑगस्टची मंगळवारी घेऊ. नोकरीवाल्यांसाठी संध्याकाळी साडेसहा.

मातीकाम

फोटो माझ्याकडे आहेत, छापून पाठवते. व्यक्तिगत निरोपात पत्ता द्या.